नव्या टॅबसाठी ॲप्स कशी शोधावीत आणि कोणती ठेवावीत

नवा टॅब घरात आला की पहिल्याच संध्याकाळी फोनवरची सगळी ॲप्स त्यावर उतरवून घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. जुन्या फोनवरचे सर्व काही जसेच्या तसे आणण्याचा पर्याय सुरुवातीलाच समोर येतो आणि तो स्वीकारणे सोपे असते. त्यामुळे टॅब म्हणजे खिशात न मावणारा दुसरा फोन होऊन बसतो आणि काही महिन्यांतच तो मालिका पाहण्यापुरता उरतो. मोठ्या पडद्यावर, पेनने, हात मोकळे ठेवून किंवा दोघा-तिघांनी एकत्र बसून जी कामे चांगली होतात त्यांनाच टॅबवर जागा द्यावी आणि ॲप्सचा शोधही तेवढ्याच कामांसाठी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः अँड्रॉइड टॅब गृहीत धरून केले आहे. आयपॅडच्या बाबतीत जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

पहिली पायरी: टॅबला काय झेपते ते पाहावे

ॲप शोधण्याआधी टॅबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन काही गोष्टी तपासून घ्याव्यात. सर्वांत आधी साठवणुकीची जागा पाहावी. खोक्यावर ६४ जीबी छापलेले असले तरी मूळ प्रणाली आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स यांनी त्यातला बराच भाग व्यापलेला असतो, म्हणून ‘स्टोरेज’मध्ये मोकळी दिसणारी जागा हाच खरा आकडा समजावा. मेमरी कार्ड बसत असेल तर पुस्तके, गाणी आणि व्हिडिओ त्यावर ठेवता येतात, मात्र ॲप्स बहुधा मुख्य जागेतच राहतात. कंपनीने भरून दिलेल्यांपैकी जी ॲप्स लागणार नाहीत ती याच वेळी काढून टाकावीत. जी काढता येत नाहीत ती निदान ‘डिसेबल’ करावीत, म्हणजे ती मागे चालू राहून बॅटरी खात नाहीत.

त्यानंतर रॅम, म्हणजे ॲप्स चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी, पाहावी. ३ किंवा ४ जीबी रॅम असलेल्या टॅबवर वाचन, लेखन, व्हिडिओ आणि साधे खेळ व्यवस्थित चालतात, परंतु अनेक थरांचे चित्रकाम किंवा मोठे त्रिमितीय खेळ अडखळतात. तिसरी बाब सिमकार्डाची. केवळ वायफायवर चालणाऱ्या टॅबवर यूपीआयची ॲप्स सुरू होत नाहीत, कारण नोंदणी करताना बँकेशी जोडलेल्या क्रमांकाचे सिम त्याच उपकरणात असावे लागते आणि तिथूनच पडताळणीचा संदेश जातो. यात टॅबचा काही दोष नाही. ही सुरक्षेची योजना आहे आणि तिला वळसा घालण्याचे उपाय सुचवणाऱ्या कोणाचेही ऐकू नये.

चौथी बाब चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. पैसे भरून पाहण्याच्या बहुतेक ॲप्समध्ये चोरी रोखण्यासाठी वाइडवाइन नावाची व्यवस्था वापरलेली असते. तिचे एल१ प्रमाणपत्र असलेल्या टॅबवर चित्र उच्च दर्जाचे दिसते, तर एल३ असलेल्या टॅबवर ते साध्या दर्जापुरतेच मर्यादित राहते, मग पडदा कितीही चांगला असो आणि वर्गणी कितीही महागाची असो. ‘डीआरएम इन्फो’ हे छोटे ॲप घालून ही पातळी लगेच पाहता येते. एल३ निघाले तर महागड्या वर्गणीचा विचार टॅबपुरता तरी सोडून द्यावा. शेवटी होकायंत्राचा संवेदक आहे का तेही पाहावे, कारण स्वस्त टॅबमध्ये तो बऱ्याचदा नसतो आणि आकाशाकडे टॅब धरून तारे ओळखण्याची ॲप्स त्याच्याशिवाय दिशा दाखवू शकत नाहीत.

दुसरी पायरी: कामांची यादी कागदावर करावी

‘सर्वोत्तम ५० ॲप्स’ अशा याद्या वाचून सुरुवात केली की टॅब भरतो, पण वापर वाढत नाही. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला विचारून तीन गोष्टी लिहाव्यात: टॅब कोण वापरणार, घरात कुठे बसून वापरणार आणि त्या वेळी इंटरनेट असेल का. आजी दुपारी आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणार असतील, चौथीतला मुलगा संध्याकाळी अभ्यासाच्या टेबलावर पाठ्यपुस्तक उघडणार असेल, आई स्वयंपाकघरात कृती पाहणार असेल आणि वडील एसटीच्या किंवा रेल्वेच्या लांबच्या प्रवासात पुस्तक वाचणार असतील, तर एवढ्यावरूनच बरेच काही ठरते. प्रवासासाठी इंटरनेटशिवाय चालणारे ॲप लागेल, स्वयंपाकघरासाठी पडदा आपोआप बंद न होणारे, आजींसाठी अक्षर मोठे होणारे आणि मुलासाठी जाहिराती नसलेले. अशी अट हाती घेऊन शोधायला बसले की शंभरांतली नव्वद ॲप्स पहिल्या नजरेतच बाद होतात.

एका कामासाठी एकच ॲप ठेवावे. दोन ठेवली की नोंदी दोन ठिकाणी विखुरतात आणि नेमकी हवी ती सापडत नाही.

तिसरी पायरी: दुकानात शोधण्याची रीत

प्ले स्टोअरवर शोधताना मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही शब्दांनी शोधून पाहावे, कारण दोन्हींचे निकाल वेगळे येतात. ‘मराठी बाराखडी’ असे देवनागरीत लिहिल्यावर दिसणारी ॲप्स रोमन अक्षरांत शोधल्यास कधी कधी मागे पडतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्ले स्टोअरचे संकेतस्थळ उघडल्यास वरच्या बाजूला फोन, टॅबलेट, टीव्ही असे वेगळे भाग दिसतात. त्यातील टॅबलेटचा भाग चाळावा आणि हवे ते ॲप तिथूनच टॅबवर पाठवावे. मोठ्या पडद्यावर तपशील निवांत वाचता येतो, म्हणून मला ही पद्धत अधिक सोयीची वाटते.

ॲपच्या पानावर सर्वांत आधी छायाचित्रे पाहावीत. आडव्या पडद्याची, दोन रकान्यांत मांडणी केलेली छायाचित्रे असतील तर ते ॲप टॅबसाठी मनापासून तयार केले आहे असे समजावे. सगळी छायाचित्रे उभी आणि अरुंद असतील तर टॅबवर ते ताणलेले दिसेल किंवा मध्ये उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख अशी अवस्था होईल. आयपॅडवर हीच अडचण फोनपुरत्या बनवलेल्या ॲप्सची होते: ती चालतात, पण फोनच्या आकारातच. काही प्रसिद्ध ॲप्सनाही टॅबकडे लक्ष द्यायला बराच वेळ लागला. व्हॉट्सॲपचे आयपॅडसाठीचे स्वतंत्र ॲप २०२५ मध्ये आले.

त्यानंतर नावाखालच्या बारीक ओळी वाचाव्यात. ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमधून खरेदी’ या दोन सूचना तिथे असतात आणि पुढच्या सगळ्या वैतागाचे मूळ बहुधा त्यांच्यातच असते. ‘या ॲपविषयी’ हा भाग उघडून शेवटचे अपडेट केव्हा झाले ते पाहावे. दोन-तीन वर्षे हात न लागलेले ॲप नव्या अँड्रॉइडवर केव्हाही कोलमडू शकते. ‘डेटा सेफ्टी’ हा भाग २०२२ पासून आहे आणि आयपॅडच्या ॲप स्टोअरवर असाच गोपनीयतेचा तक्ता २०२० च्या अखेरीपासून दिसतो. ही माहिती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते, तरीही ती उपयोगी पडते. साध्या गणकयंत्राने किंवा कंदिलाच्या ॲपने संपर्कयादी आणि ठिकाण गोळा करत असल्याचे स्वतःच मान्य केले असेल, तर अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही.

परीक्षणे वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवून तीन ताऱ्यांची परीक्षणे आधी वाचावीत, कारण ॲप आवडूनही काय खटकले ते तिथे नेमके लिहिलेले सापडते. प्ले स्टोअर आता उपकरणाच्या प्रकारानुसार गुण दाखवते, त्यामुळे टॅबवरूनच पान उघडल्यास टॅब वापरणाऱ्यांचे मत कळते, फोनवर ४.५ गुण असलेले ॲप टॅबवर ३ वर घसरलेले दिसले तर दचकून जाऊ नये, त्यामागे बहुतेक वेळा आडव्या पडद्याचीच अडचण असते.

ॲप्स प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर या अधिकृत दुकानांतूनच घ्यावीत, हा नियम घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइल्समधून (दुकानाबाहेरून थेट ॲप घालणाऱ्या फाइल्समधून) फसवणुकीचे असंख्य प्रकार भारतभर झाले आहेत. वाहतूक चलन, लग्नपत्रिका, बँकेची केवायसी किंवा सरकारी योजनेचा अर्ज अशी या फाइल्सना नावे दिलेली असतात. अशी फाइल उघडली गेली आणि पैसे गेले तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

चौथी पायरी: वाचनापासून सुरुवात

टॅबचा सर्वांत मोठा फायदा वाचणाऱ्याला होतो आणि मराठी वाचकाला तर विशेष. जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रती बहुतांशी छापील पानांच्या प्रतिमा म्हणून उपलब्ध आहेत. अशा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षर मोठे केले तरी ओळी नव्याने जुळत नाहीत, पान डावीउजवीकडे सरकवत वाचावे लागते आणि फोनवर पाच मिनिटांत डोळे थकतात. दहा-अकरा इंचांच्या टॅबवर तेच पान जवळजवळ मूळ आकारात, अखंड दिसते. आठ इंचांचा टॅब असेल तर ईपब स्वरूपातील पुस्तके निवडावीत, कारण त्यात अक्षराचा आकार आपल्या सोयीने बदलता येतो.

वाचनासाठी ‘रीडएरा’ हे ॲप मी प्रथम सुचवेन. पीडीएफ, ईपब आणि जुन्या स्कॅनसाठी वापरले जाणारे डीजेव्हीयू ही तिन्ही स्वरूपे ते उघडते, त्यात जाहिराती नाहीत आणि खाते उघडण्याची सक्तीही नाही. पुस्तके कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी ई-पुस्तके विनामूल्य उतरवता येतात, मराठी विकिस्रोतावर अभिजात साहित्य वाचायला मिळते आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांचा मोठा साठा आहे. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे निधनाला त्याहून अधिक काळ झालेल्या लेखकांची पुस्तके निर्धास्तपणे घ्यावीत. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या फिरत असलेल्या चोरट्या पीडीएफपासून दूर राहावे, कारण मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या मुळातच लहान असतात आणि प्रत्येक बुडालेली प्रत लेखकाला व प्रकाशकाला जाणवते. विकत घ्यायची असतील तर किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात, तसेच गूगलच्या प्ले बुक्सचाही पर्याय आहे. परदेशात राहणाऱ्यांनी आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड वापरून ‘लिबी’ हे ॲप अवश्य पाहावे. इंग्रजी पुस्तके आणि मासिके त्यावर विनामूल्य उसनी मिळतात.

पीडीएफबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनिकोड ही सर्व उपकरणांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेल्या मजकुराचे पीडीएफ डोळ्यांना ठीक दिसते, परंतु त्यात देवनागरी शब्द शोधता येत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. हा ॲपचा दोष समजून ॲपमागून ॲप बदलत बसू नये.

सगळ्याच गोष्टींसाठी ॲप लागत नाही, हेही इथेच सांगणे योग्य ठरेल. मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ किंवा आपल्या आवडत्या वर्तमानपत्राचा ई-पेपर ब्राउझरमध्ये उघडून ‘होम स्क्रीनवर जोडा’ हा पर्याय निवडला की त्याचे चिन्ह ॲपसारखेच पडद्यावर येते, जागा जवळजवळ लागत नाही आणि परवानग्याही द्याव्या लागत नाहीत. ई-पेपरचे संपूर्ण पान मांडणीसह वाचण्याची सोय ज्येष्ठांना फार भावते. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी नेण्यासाठी ‘किविक्स’ घ्यावे. त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवला की गावाकडच्या घरी, जिथे एकही काडी रेंज नसते, तिथेही तो उघडतो.

पाचवी पायरी: मुलांसाठी निवड

मुलांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा: आधी कुंपण आणि मग खेळणी. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मधून मुलाचे वेगळे खाते तयार करावे, नवे ॲप घालण्यासाठी पालकांची मंजुरी सक्तीची करावी आणि रोजची वेळ ठरवून द्यावी. पालकांच्याच खात्यावर मूल टॅब वापरणार असेल तर निदान प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावावी. लहान मूल एका ॲपमधून दुसऱ्यात भटकू नये यासाठी अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयपॅडमध्ये ‘गायडेड ॲक्सेस’ आहे. पाच मिनिटे खर्चून ही सोय शिकून घ्यावी, तिच्याइतका उपयोग एकाही खेळाचा होत नाही.

शालेय अभ्यासासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात आणि पुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केल्यावर त्या धड्याशी संबंधित व्हिडिओ व सराव उघडतो. टॅबचा पडदा दोन भागांत विभागून एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला टिपणवही उघडण्याची सवय मुलांना लावावी. शाळेच्या वयात ही एक सोय नीट हातात बसली तर टॅब अभ्यासाचे साधन म्हणून पुढेही टिकतो.

गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचे ‘स्टोरीविव्हर’ पाहावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावरची सचित्र पुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत, मराठीत भरपूर आहेत आणि वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेली आहेत, त्यामुळे नुकतीच जोडाक्षरे शिकणाऱ्या मुलाला पेलेल असे पुस्तक निवडता येते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी तर हा खजिनाच आहे. आजी-आजोबांनी इकडून व्हिडिओ कॉलवर आणि नातवंडांनी तिकडून तेच पुस्तक उघडून आलटूनपालटून पाने वाचावीत.

खेळता खेळता शिकण्यासाठी तीन ॲप्सची नावे मी खात्रीने घेईन. ‘खान अकॅडमी किड्स’ दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे, इंग्रजीत आहे आणि त्यात जाहिराती किंवा वर्गणी काहीही नाही. ‘जीकॉम्प्रिस’ हा मुक्त स्रोत (मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेला) प्रकल्प असून दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून अधिक लहान खेळ आहेत: आकडे, घड्याळ, नकाशे, विद्युत मंडल, बुद्धिबळ असे नाना प्रकार. तिसरे ‘स्क्रॅचज्युनिअर’. एमआयटी आणि टफ्ट्स विद्यापीठ यांच्या सहभागातून तयार झालेले हे ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. चित्रांचे ठोकळे एकमेकांना जोडून मूल स्वतःची हलती गोष्ट तयार करते आणि वाचता येत नसतानाही क्रमवार विचार करायला शिकते. बोटाने ठोकळे ओढण्यासाठी मोठा पडदाच हवा, त्यामुळे टॅब घेतल्याचे खरे सार्थक अशा ॲपमध्ये दिसते.

मुलांच्या ॲपची परीक्षा पालकांनी स्वतः दहा मिनिटे खेळून करावी. नाणी, हिरे, नशिबाची चक्रे आणि ‘आज आला नाहीस तर बक्षीस जाईल’ अशा सूचना दिसल्या तर ते ॲप मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी रचलेले आहे असे समजून काढून टाकावे.

सहावी पायरी: लेखन, चित्र, संगीत आणि खेळ

टॅबसोबत पेन आले आहे का यावर चित्रकलेची आणि टिपणांची निवड अवलंबून असते. रबरी टोकाचे साधे पेन कोणत्याही पडद्यावर चालते, पण दाब ओळखत नाही आणि तळहात टेकला की रेघ उमटते. दाब ओळखणारे पेन त्या त्या टॅबसाठीच बनलेले असते, म्हणून ते घेण्याआधी आपल्या मॉडेलचे नाव सुसंगत उपकरणांच्या यादीत आहे का ते पाहावे. चित्रांसाठी ‘क्रिता’ हे मुक्त स्रोत ॲप टॅबवर विनामूल्य मिळते. ते संगणकावरच्या ॲपइतकेच भारी आहे, म्हणून कमी रॅमच्या टॅबवर ‘स्केचबुक’ बरे. आयपॅडवर ‘प्रोक्रिएट’ एकदाच पैसे देऊन मिळते आणि गंभीरपणे चित्र काढणाऱ्याने तो खर्च करण्यास हरकत नाही.

टिपणांसाठी ‘वननोट’ पुरेसे आहे. मराठी लिहिण्यासाठी जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडून हस्तलेखनाचा पर्याय निवडावा, म्हणजे पेनाने किंवा बोटाने देवनागरीत लिहिलेल्या मजकुराचे टंकलिखित अक्षरांत रूपांतर होते. कळफलक कधीच न शिकलेल्या ज्येष्ठांना ही सोय दाखवून द्यावी. त्याच बैठकीत त्यांच्यासाठी सेटिंग्जमधून अक्षराचा आकार वाढवून द्यावा आणि पहिल्या पडद्यावर पाच-सहाच चिन्हे ठेवावीत. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे संपूर्ण टॅब इंग्रजीत ठेवूनही त्यांची ॲप्स मराठीत ठेवणे शक्य आहे.

गाणे शिकणाऱ्यांच्या घरी टॅब हा उत्तम साथीदार ठरतो. आयपॅडवर ‘आयतबला प्रो’ हे विकतचे ॲप तानपुरा आणि तबला दोन्ही देते. अँड्रॉइडवर तानपुऱ्याची अनेक ॲप्स आहेत. निवडताना तीन कसोट्या लावाव्यात: पहिली तार पंचम, मध्यम आणि निषाद अशी बदलता येते का, पट्टी अगदी बारीक फरकाने वरखाली करता येते का आणि पडदा बंद झाल्यावरही सूर चालू राहतो का. टॅबच्या लहान स्पीकरमधून खर्ज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे रियाजाच्या वेळी बाहेरचा स्पीकर जोडणे आवश्यक आहे. नुसते ऐकण्यासाठी प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एआयआर’ घ्यावे. त्यावर आकाशवाणीची मराठी केंद्रे जगात कुठेही लावता येतात. प्रसार भारतीनेच नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केले. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांची ओढ असलेल्यांनी तेही पाहावे. स्वतःजवळच्या व्हिडिओ फाइल्ससाठी ‘व्हीएलसी’शिवाय दुसरे काही लागत नाही.

खेळांमध्ये माझा कल एकाच टॅबभोवती दोघांनी बसून खेळायच्या खेळांकडे आहे. ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे ॲप संपूर्ण विनामूल्य, मुक्त स्रोत आणि जाहिरातमुक्त आहे. टॅब टेबलावर आडवा ठेवून समोरासमोर डाव मांडता येतो आणि एकट्याने बसून कोडीही सोडवता येतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून बुद्धिबळाची ओढ लागलेली मुले अनेक घरांत दिसतात, त्यांना हेच द्यावे. एकट्याने वेळ घालवण्यासाठी ‘सायमन टॅथम्स पझल्स’ घ्यावे: तार्किक कोड्यांचे सुमारे ४० प्रकार, कमी जागेत, इंटरनेटशिवाय आणि एकाही जाहिरातीशिवाय. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत, त्यामुळे रमी किंवा तत्सम खेळाच्या नावाखाली पैसे भरायला सांगणारे कोणतेही ॲप दिसले तर ते घालू नये.

काय घालू नये

‘क्लीनर’, ‘बूस्टर’ आणि ‘बॅटरी सेव्हर’ या नावांची ॲप्स टॅबला गरजेची नसतात. अँड्रॉइड हे काम स्वतः करते आणि फाइल्स आवरण्यासाठी ‘फाइल्स बाय गूगल’ पुरेसे आहे. बँकांची ॲप्स घरभर फिरणाऱ्या टॅबवर ठेवू नयेत, मग ती चालत असली तरीही. रस्ता दाखवणारे, गाडी बोलावणारे, जेवण मागवणारे ॲप फोनवरच शोभते. व्हॉट्सॲप मात्र मुख्य फोनशी जोडलेले उपकरण म्हणून ठेवता येते, पण मुले तोच टॅब वापरत असतील तर संदेश त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहतील याचा विचार करूनच ते जोडावे. व्हिडिओ कॉलसाठी एकच ॲप ठेवावे. टॅब आडवा धरल्यावर कॅमेरा कोणत्या कडेला येतो ते पाहून त्याच दिशेला नजर ठेवली तर समोरच्याला आपण त्याच्याकडेच पाहत आहोत असे वाटते.

शेवटची पायरी: चाचणी, पैसे आणि आवराआवर

नवे ॲप घातल्यावर ते पहिल्यांदा उघडताना मागितलेल्या परवानग्या एकेक करून वाचाव्यात आणि शंका असेल तिथे नकार द्यावा. खरेच गरज असेल तर ॲप पुन्हा विचारते. त्यानंतर विमान मोड लावून ते इंटरनेटशिवाय कितपत चालते ते पाहावे, टॅब आडवा-उभा करून मांडणी तपासावी आणि आठवडाभर वापरून मगच ते ठेवायचे की नाही ठरवावे. विकतचे ॲप पसंत पडले नाही तर गूगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो, म्हणून विकतच्या ॲपची चाचणी त्याच दिवशी करावी. सुट्टीत निवांत पाहू म्हणून बाजूला ठेवू नये.

सात दिवस मोफत, पुढे वर्गणी, अशा प्रकारच्या ॲप्सबाबत विशेष सावध राहावे. मोफत मुदत संपण्याच्या आदल्या दिवसाचे स्मरण कॅलेंडरमध्ये त्याच क्षणी लावावे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीपूर्वी बँकेने किमान २४ तास आधी सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये. महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन न वापरलेली ॲप्स काढून टाकावीत, परंतु ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. त्यासाठी प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’ उघडावे, तिथे वर्गणी रद्द करावी आणि रद्द झाल्याचा ईमेल आल्यावरच ॲप हटवावे. भरलेल्या मुदतीचे जे दिवस उरलेले असतात, तेवढे दिवस ते रद्द केल्यानंतरही बहुधा वापरता येते.